न केलेल्या कर्माचा दोष आणि ट्रॅक्टरचे वंगण

जे केले त्याचा दोष करणाऱ्याला लागतो, हे मान्य करायला कोणत्याही धर्मशास्त्राला अडचण पडत नाही. अडचण येते ती जे केलेच नाही त्याच्या दोषापाशी. पूर्वमीमांसा, म्हणजे वेदवाक्यांवरून मनुष्याचे कर्तव्य कसे ठरवावे याचा विचार करणारे दर्शन, कर्मांचे नित्य, नैमित्तिक, काम्य आणि निषिद्ध असे वर्ग पाडते. काम्य कर्म फळाच्या इच्छेने करायचे, नैमित्तिक कर्म ग्रहणासारखा एखादा प्रसंग उद्भवला की करायचे आणि निषिद्ध कर्म करायचेच नाही, इथवर सारे सरळ आहे. नित्य कर्माची जात मात्र निराळी आहे. संध्यावंदनाने किंवा सकाळ-संध्याकाळच्या अग्निहोत्राने करणाऱ्याच्या पदरात वेगळे असे काही पडत नाही. ते चुकले तर मात्र ‘प्रत्यवाय’ म्हणजे दोष लागतो. यावर आक्षेप उघड आहे. न करणे हा अभाव आहे, आणि अभाव म्हणजे काहीही नसणे असेल, तर त्यातून दोषासारखे खरोखरीचे काही निपजते कसे?

संध्येच्या उदाहरणावर हा वाद शतकानुशतके चालला आणि निकाली निघाला नाही, याचे एक कारण असे की तिथला दोष ‘अदृष्ट’ आहे, म्हणजे त्याचा परिणाम डोळ्यांना दिसणारा नाही. ज्याचा दोष एका हंगामाच्या आत दिसतो, मोजता येतो आणि रोख पैसे देऊन भरून काढावा लागतो, असे एखादे नित्य कर्म हाती घेतले तर वादाच्या दोन्ही बाजू अधिक नेमक्या तपासता येतील. शेतीच्या यंत्रांना वंगण घालणे हे तसे कर्म आहे. ग्रीस मारल्याने ट्रॅक्टर अधिक ओढत नाही, अधिक नांगरत नाही, पीकही वाढत नाही. न मारल्यास मात्र बेअरिंग जाते.

त्यासाठी प्रदेश म्हणून ठाणे जिल्ह्यातील शहापूर आणि मुरबाड हे तालुके घेणे सोयीचे आहे, कारण वंगणाची इतकी कठोर परीक्षा घेणारी शेती महाराष्ट्रात फार ठिकाणी नाही. १८९२ साली बांधून झालेल्या तानसा धरणाचा, भातसा नदीचा आणि मुरबाडकडच्या काळूचा हा मुलूख सह्याद्रीच्या पायथ्याशी आहे. वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक सारा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. पीक मुख्यतः भाताचे. खाचरे लहान, बांध वाकडेतिकडे आणि चिखलणीचे दिवस मोजके, त्यामुळे आवण, म्हणजे भाताचे रोप, लावणीला आले की ट्रॅक्टर आणि पॉवर टिलर दिवसभर गुडघाभर गाळात फिरत राहतात. मुरबाड तालुक्यातील म्हसा येथे पौष पौर्णिमेला भरणारी जत्रा बैलबाजारासाठी नावाजलेली आहे. त्या बाजारातून आलेली बैलजोडी जे काम करीत असे त्यातला मोठा वाटा आता लोखंडी केज व्हील लावलेले ट्रॅक्टर करतात. बैलाची हयगय झाली तर तो अंगाने वाळतो आणि ती हयगय साऱ्या गावाला दिसते. यंत्राची हयगय आतल्या आत होते.

ती नेमकी कोठे होते हे पाहण्यासाठी एकच सांधा जवळून न्याहाळणे पुरेसे आहे. रोटाव्हेटरला ट्रॅक्टरच्या पीटीओशी, म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या बाजूने अवजाराला देणाऱ्या दांड्याशी, जोडणारा शाफ्ट साधारणपणे मिनिटाला ५४० फेरे घेतो आणि त्याच्या दोन्ही टोकांना अधिक-चिन्हाच्या आकाराचा जो सांधा असतो त्याला चालक ‘क्रॉस’ म्हणतात. क्रॉसच्या चारही टोकांवर पोलादी टोप्या बसवलेल्या असतात, प्रत्येक टोपीच्या आत सुईसारख्या बारीक रोलरांची रांग असते आणि या सर्वांपर्यंत वंगण पोहोचवायला हरभऱ्याएवढे एक निपल असते, ज्याच्या तोंडाशी स्प्रिंगवर टेकलेली गोळी असते. ग्रीस गनच्या दाबाने गोळी आत सरकते, ग्रीस आत जाते आणि दाब सुटताच गोळी पुन्हा तोंड बंद करते. निपलवरचा चिखल चिंधीने पुसला नाही तर तोच चिखल ग्रीसच्या पुढे आत ढकलला जातो. चाकाच्या हबची कथा याहून सूक्ष्म आहे: काम चालू असताना हब तापतो, आतली हवा प्रसरण पावून थोडी बाहेर पडते आणि तो तापलेला हब गार पाण्याच्या खाचरात बुडाला की आतली हवा आकसून ऑइल सीलच्या फटीतून गढूळ पाणी आत ओढून घेते. हे दिवसातून अनेकदा घडते आणि चालकाला त्यातले काहीही दिसत नाही.

ग्रीस म्हणजे घट्ट तेल, ही समजूत अर्धीच खरी आहे. ग्रीसच्या दहा भागांतले आठ-नऊ भाग तेल असते, उरलेल्यात ‘घट्टक’ आणि थोडी पूरक रसायने असतात. घट्टक बहुधा एखाद्या धातूचा साबण असतो आणि त्याच्या तंतूंच्या जाळ्यात तेल धरून ठेवलेले असते. दाब आणि हालचाल मिळाली की जाळे थोडे थोडे तेल सोडते, ते पोलादाच्या दोन पृष्ठांमध्ये मायक्रॉनच्या मापाचा पापुद्रा धरते आणि उरलेले ग्रीस कडेला राहून धूळ आणि पाणी अडवते. म्हणजे ग्रीसची दोन्ही कामे निवारणाची आहेत. ते नसते तर जे झाले असते ते होऊ न देणे, एवढाच त्याचा व्यापार.

इथे मूळ प्रश्नाकडे वळता येते. मीमांसक कुमारिल भट्टांच्या मताने नित्य कर्माचे प्रयोजन पूर्वी साचलेल्या दुरिताचा, म्हणजे पापाचा, क्षय आणि प्रत्यवायाचा परिहार हे आहे. दुसरे मीमांसक प्रभाकर यांच्या मताने फळ शोधणेच चूक आहे, कारण विधीने आज्ञा केली आहे एवढे कारण कर्तव्याला पुरते. शंकराचार्यांनी तैत्तिरीयोपनिषदाच्या भाष्यात या चर्चेला जे वळण दिले ते विशेष महत्त्वाचे आहे. त्यांचे म्हणणे असे की अभावातून भाव निर्माण होतो असे मानले तर सर्व प्रमाणांचा विरोध ओढवेल. म्हणून नित्य कर्म न करणे हे दोषाचे कारण नव्हे, ते लक्षण आहे, म्हणजे पूर्वीच साचलेले दुरित आता फळाला येत असल्याची ती खूण आहे. या मतात न करण्याला जनकत्व नाही, सूचकत्व आहे.

क्रॉसच्या टोपीत हे मत तपासले असता त्याचे बळ आणि त्याची उणीव दोन्ही दिसतात. रोलर झिजवतात ते रेतीचे कण, पोलादाला खड्डे पाडतो तो पाण्याने धरलेला गंज, उष्णता येते ती घर्षणातून. ‘ग्रीस नसणे’ नावाचा कोणताही पदार्थ तिथे पोलाद कुरतडत बसलेला नसतो. नाशाची सर्व कारणे भावरूप आहेत आणि ती आधीपासून हजर आहेत, हे आचार्यांचे म्हणणे यंत्राच्या बाबतीत अक्षरशः खरे ठरते. मात्र न करणे ही केवळ खूण आहे असे म्हटले, तर केल्याने फरक का पडतो, याचे उत्तर मिळत नाही. खूण पुसली म्हणून रोग जात नाही. ग्रीस मारले तर मात्र बेअरिंग वाचते.

ही फट नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांनी, बुजवली. अग्नी आणि लाकूड एकत्र आले तरी प्रतिबंधक मणी जवळ असल्यास दाह होत नाही, या जुन्या दृष्टान्तावर उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजलीत चर्चा केली आहे आणि कार्य घडण्यासाठी भावरूप कारणांइतकाच प्रतिबंधकाचा अभावही कारण मानला पाहिजे, असा पक्ष मांडला आहे. त्यांच्या परिभाषेत सांगायचे तर ग्रीस हा झिजेचा प्रतिबंधक आहे आणि प्रतिबंधक नसणे ही झिजेच्या कारणसामग्रीतली एक बाब आहे. अभाव एकटा काही निर्माण करीत नाही. इतर कारणे टपून बसलेली असताना तो त्यांना वाट मोकळी करून देतो. या लेखाच्या दृष्टीने हाच पक्ष ग्राह्य आहे, कारण तो शंकराचार्यांची हरकत मान्य करूनही कर्त्याची जबाबदारी सोडत नाही. कोरड्या गोदामात ठेवलेल्या नव्या रोटाव्हेटरला महिनाभर ग्रीस मिळाले नाही तर कोणाचाही दोष नाही. चिखलणीच्या दिवसांत एक दिवस चुकला तर आहे.

आता एक प्रश्न उरतो, ज्याकडे टीकाकारांनी फारसे लक्ष दिलेले दिसत नाही: नित्य कर्म वेळेलाच का बांधलेले असते? अग्निहोत्र भूक लागल्यावर किंवा श्रद्धा दाटून आल्यावर करायचे नसते, ते सूर्योदय-सूर्यास्ताला जोडलेले आहे. याचे एक उत्तर कुमारिलांच्याच ज्ञानमीमांसेत सापडते. अभावाचे ज्ञान त्यांनी ‘अनुपलब्धी’ या स्वतंत्र प्रमाणाने होते असे मानले. जमिनीवर घडा नाही हे कळते, कारण असता तर तो दिसला असता. परंतु या प्रमाणाला एक अट आहे. वस्तू दिसण्याजोगी असली पाहिजे, नाहीतर तिच्या न दिसण्यावरून काहीच सिद्ध होत नाही. याला ‘योग्यानुपलब्धी’ म्हणतात. टोपीच्या आतले ग्रीस असले तरी दिसत नाही आणि संपले तरी दिसत नाही. जेव्हा कळते, म्हणजे शाफ्टची घरघर ऐकू येते किंवा हबला हात लावल्यावर चटका बसतो, तेव्हा संपल्याचे नव्हे तर झिजल्याचे ज्ञान झालेले असते. म्हणून गरज ओळखून ग्रीस मारणे हा मार्गच बंद आहे आणि उत्पादकाची पुस्तिका ट्रॅक्टरच्या घड्याळाप्रमाणे, बहुधा क्रॉससारख्या सांध्यांना दर ८ ते १० तासांनी, ग्रीस मारायला सांगते. ज्या गोष्टीचा अभाव वेळेवर कळत नाही तिच्या बाबतीत कर्तव्य डोळ्यांवर न सोपवता काळावर सोपवावे लागते. नित्यविधीची काळाशी घातलेली गाठ कर्मठपणाची वाटते खरी. तिच्यामागे अभाव ओळखण्याची ही अडचण असावी.

नैमित्तिकालाही इथे जागा आहे. ओढा ओलांडताना पुढचा आस पाण्यात बुडाला किंवा दिवसभर चिखलणी झाली, तर तासांचा हिशेब बाजूला ठेवून त्याच संध्याकाळी, यंत्र उभे करण्यापूर्वी, ग्रीस मारायचे असते, म्हणजे आत शिरलेले पाणी नव्या ग्रीसच्या दाबाने बाहेर पडते आणि रात्रभर पोलादाला चिकटून राहत नाही. सकाळी मारू म्हणणारा चालक गंजाला एक रात्र देतो.

वैद्यकाच्या परंपरेने हाच विषय आयुष्याच्या प्रश्नाला जोडलेला आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानातील तिसऱ्या अध्यायात, गंगेच्या काठी कांपिल्य येथे, अग्निवेश आपल्या गुरूंना, पुनर्वसू आत्रेयांना विचारतो की माणसाचे आयुष्य ठरलेले असते की नसते. आत्रेयांचे उत्तर दैव आणि पुरुषकार, म्हणजे पूर्वजन्मीचे कर्म आणि या जन्मीचा प्रयत्न, या दोहोंच्या बलाबलावर उभे आहे. आयुष्य सर्वस्वी नियत असते तर औषध, पथ्य आणि सावधगिरी यांना अर्थच उरला नसता, असे ते सांगतात. अकाली मृत्यू म्हणजे काय हे पटवण्यासाठी त्यांनी गाडीच्या आसाचे उदाहरण घेतले आहे. चांगला आस योग्य रीतीने वापरला तर आपल्या मापाने झिजून वेळ भरल्यावर संपतो. तोच आस अति भाराने, खाचखळग्यांच्या वाटेने, चाक मोडल्याने, जुंपलेल्या जनावराच्या किंवा हाकणाऱ्याच्या दोषाने, खीळ निसटल्याने आणि वंगण न मिळाल्याने मध्येच मोडतो. या यादीची ठेवण लक्षपूर्वक पाहण्यासारखी आहे, कारण तीत झालेल्या अनर्थांच्या ओळीत एक न केलेली गोष्ट कोणताही भेद न करता बसवली आहे. मीमांसकांना आणि वेदान्त्यांना ज्या अभावाने इतके छळले, त्याची आत्रेयांना अडचण वाटलेली नाही. वैद्याला कारण शोधायचे असते ते उपाय करण्यासाठी, आणि ज्याच्यावर उपाय चालतो त्याला कारण म्हणायला तो कचरत नाही.

आजचे यंत्रशास्त्रही बेअरिंगचे आयुष्य असेच सांगते. एकाच जातीच्या अनेक बेअरिंगांपैकी नव्वद टक्के जितके फेरे तग धरतील तितके फेरे हे त्यांचे घोषित आयुष्य, आणि ही आकडेमोड वंगण पुरेसे व स्वच्छ आहे हे गृहीत धरून केलेली असते. एखादे विशिष्ट बेअरिंग केव्हा जाईल हे कोणी सांगत नाही. चालकांच्या तोंडी ‘त्याचे तास भरले’ असे येते, तेव्हा दैवाचा वाटा त्यात आहेच. फक्त त्या तासांच्या हिशेबात पुरुषकार आधीच मिळवलेला होता, हे विसरले जाते.

कोणते ग्रीस वापरावे, या प्रश्नातही मीमांसेची परिभाषा अनपेक्षितपणे नेमकी लागू पडते. जुन्या कॅल्शियम साबणाच्या ग्रीसला पाणी धुऊन नेत नाही, पण त्याच्या जडणघडणीतच पाण्याचा अंश असल्याने साठ-सत्तर अंशांपलीकडच्या उष्णतेत ते टिकत नाही; सोडियम साबणाचे ग्रीस उष्णता सोसते, पण पाण्यात विरघळते, म्हणून भातखाचरात त्याला स्थान नाही. १९४० च्या दशकात लिथियम साबणाचे ग्रीस आले आणि दोन्ही गुण बऱ्याच अंशी एकत्र मिळाले. बाजारात चालक ज्याला ‘एपी थ्री’ म्हणून मागतो ते बहुतेक याच जातीचे असते. त्यातला ३ हा आकडा घट्टपणाचा असून २ क्रमांकाचे ग्रीस त्याहून मऊ असते. जड भार सोसणाऱ्या सांध्यांसाठी गंधक-फॉस्फरसयुक्त ‘ईपी’ ग्रीस मिळते. किंगपिन आणि बुश अशा संथ, घासत फिरणाऱ्या जागी मॉलिब्डेनम डायसल्फाइडचे काळे ग्रीस उपयोगी पडते. चाकाच्या बेअरिंगला मात्र त्याची सहसा गरज नसते. लिथियम साबणासाठी लागणारे मेदाम्ल एरंडेलापासून बनते. बैलगाडीच्या आसाला एरंडेल घालणाऱ्याचा नातू ट्रॅक्टरला एरंडाचाच साबण घालतो, ही गोष्ट गावात क्वचितच कोणाला ठाऊक असते. काडतुसांच्या वंगणातील चरबीच्या शंकेने १८५७ साली काय घडले ते सर्वश्रुत आहे; कॅल्शियम ग्रीसमध्ये पूर्वी जनावरांची चरबी सर्रास वापरली जाई, पण द्रव्यशुद्धीचा तो प्रश्न एरंडापुरता तरी सुटला आहे.

व्रीही आणि यव, म्हणजे भात आणि सातू, यांपैकी कोणत्याही एका धान्याने पुरोडाश, म्हणजे यज्ञात अर्पण करायचा रोट, करावा, असा ‘विकल्प’ मीमांसेत प्रसिद्ध आहे. एक निवडता येते, मात्र दोन्ही मिसळता येत नाहीत, कारण मिसळल्याने दोन्ही विधींचा भंग होतो. ग्रीसच्या बाबतीत हा नियम रसायनशास्त्राने स्वतंत्रपणे शोधला आहे. न जुळणाऱ्या साबणांची ग्रीसे एकत्र आली की एकाचे तंतू दुसऱ्याचे जाळे मोडतात, तेल सुटून वाहून जाते, आणि दोन्ही उत्तम ग्रीसांचे मिळून एक निरुपयोगी पाणचट मिश्रण उरते. जात बदलायचीच असेल तर जुने ग्रीस पूर्ण बाहेर येईपर्यंत नवे भरत राहावे, किंवा हब उघडून धुऊन काढावा.

ठरवलेले द्रव्य मिळालेच नाही तर काय, याचे उत्तर जैमिनीच्या मीमांसासूत्रांच्या सहाव्या अध्यायातील ‘प्रतिनिधी’ प्रकरणात आहे. भात न मिळाल्यास नीवार, म्हणजे देवभात, चालतो, कारण त्याच्यात भाताचे अवयव पुष्कळसे सारखे आहेत. भाताच्याच मुलखात राहणाऱ्या वाचकाला हे उदाहरण समजावून सांगण्याची गरज नाही. नित्य कर्मात अशी तडजोड चालते, कारण ते टाकणे हा मोठा दोष आहे आणि यथाशक्ती, म्हणजे जेवढी अंगे जमतील तेवढ्यांनिशी, ते पार पाडणे हा लहान दोष आहे. काम्य कर्मात मात्र अंग उणे राहिले तर फळच मिळत नाही. चिखलणी ऐन भरात असताना तालुक्याच्या बाजारात २ क्रमांकाचे ईपी ग्रीस संपले असेल, तर त्याच साबणाचे साधे ग्रीस मारणे हे न मारण्यापेक्षा निश्चित बरे. पण या प्रकरणात आणखी एक बारकावा आहे, ज्याकडे कारागिराने मीमांसकाइतकेच लक्ष द्यावे. प्रतिनिधी द्रव्यही संपले तर पुढचे द्रव्य त्या प्रतिनिधीसारखे शोधायचे नसते, मूळ द्रव्यासारखे शोधायचे असते. व्यवहारात नेमके उलट होते: मागच्या वेळी जे मिळाले होते त्याच्या रंगाचे ग्रीस मागितले जाते, त्याहून पुढच्या वेळी त्याच्या रंगाचे, आणि तीन हंगामांनंतर यंत्रात जे असते त्याचा पुस्तिकेशी काही संबंध उरत नाही. ग्रीसचा लाल किंवा निळा रंग हा बहुधा नुसता घातलेला रंग असतो. त्यावरून साबण ओळखता येत नाही.

अधिक म्हणजे चांगले, हीही एक भ्रांती आहे. बेअरिंगची सारी पोकळी ग्रीसने ठासून भरली तर रोलर ते ढवळत बसतात, उष्णता वाढते, आणि गनचा दाब हाताच्या अंदाजापेक्षा पुष्कळ मोठा असल्याने ऑइल सील बाहेर फुगून निकामी होते. मग पाणी अडवायला काहीच उरत नाही. श्रमण परंपरांनी आसाच्या वंगणाचा दृष्टान्त याच मर्यादेसाठी वापरला आहे. पाली संयुत्तनिकायात भिक्षूने भोजन कसे करावे हे सांगताना, गाडीवान भार वाहून नेता यावा एवढ्यासाठीच आसाला तेल देतो, असे उदाहरण येते. दिगंबर जैन मुनींच्या आहाराला जी नावे आहेत त्यांतले एक ‘अक्षम्रक्षण’, म्हणजे आस माखणे, असेच आहे. या दोन्ही ठिकाणी वंगण हे भोगाच्या विरुद्ध बाजूला ठेवलेले आहे. त्याचे माप वंगणाच्या चवीवर ठरत नाही, वाहायच्या भारावर ठरते.

बाहेर पडलेल्या काळ्या ग्रीसचे काय करायचे, हा निषिद्धाचा प्रांत आहे आणि त्याबद्दल फार चर्चेची गरज नाही. पाण्यात मळ टाकू नये, हे मनुस्मृतीने सांगितले आहे. तानसाच्या पाणलोटातला ओढा मुंबईकरांच्या नळापर्यंत जातो, तेव्हा ओढ्यात ट्रॅक्टर धुणाऱ्याने तो निषेध मोडला आहे एवढे म्हणणे पुरे.

याहून कठीण प्रश्न कर्त्याचा आहे. दोष लागतो असे ठरले तरी तो कोणाला? या दोन तालुक्यांत लहान जमिनीच्या शेतकऱ्याला स्वतःचा ट्रॅक्टर परवडत नाही. तो तासाच्या भाड्याने येतो, मालक एक असतो, पगारी चालक दुसरा, आणि खाचर तिसऱ्याचे. यज्ञातही अशीच विभागणी आहे. कष्ट ऋत्विजांचे, म्हणजे दक्षिणा घेऊन कर्म करणाऱ्या पुरोहितांचे, आणि फळ यजमानाचे, हा मीमांसेचा सिद्धान्त आहे. दक्षिणा दिल्याने ऋत्विजाचे कर्म यजमानाचे होते. भाड्याच्या ट्रॅक्टरला हा सिद्धान्त लावला की ग्रीस मारण्याचे श्रम चालकाचे आणि बेअरिंग वाचल्याचा लाभ मालकाचा, हे सरळ उतरते, आणि त्याबरोबर न मारण्याचा दोषही मालकाच्या खात्यावर जातो, मग हयगय कोणाच्याही हाताने होवो. मालकांना हा निष्कर्ष सहसा रुचत नाही. चालकाने चुकवले म्हणून त्याच्या पगारातून क्रॉसचे पैसे कापणारा मालक यजमानपणाचा अधिकार ठेवतो आणि त्याचे ओझे झटकतो. चालकाला ग्रीसचा डबा, गन आणि संध्याकाळची पंधरा मिनिटे मोजून दिलेली नसतील, तर त्याची दक्षिणा अपुरी होती आणि ते कर्म पूर्ण अर्थाने त्याच्यावर सोपवलेलेच नव्हते. तासाला पैसे देणाऱ्या शेतकऱ्यालाही यातून सुटका नाही, कारण ‘अजून एवढं खाचर काढून द्या’ म्हणून अंधार पडेपर्यंत यंत्र अडवणारा तोच असतो.

कृषी विभागाच्या यांत्रिकीकरण योजनांतून अलीकडे अवजारे बँका उभ्या राहिल्या, जिथे यंत्रे गटाच्या सामायिक मालकीची असतात, आणि तिथे वरचा हिशेब लागू पडत नाही. त्याला जवळचे रूप मीमांसेतल्या ‘सत्रा’चे आहे. सत्र म्हणजे दीर्घ काळ चालणारा सामुदायिक याग; त्यात कमीत कमी सतरा आणि जास्तीत जास्त चोवीस जण एकत्र बसतात, वेगळा यजमान नसतो, सर्वच यजमान आणि सर्वच ऋत्विज, म्हणून दक्षिणाही नसते. त्याच्या फळाबद्दल मीमांसकांनी ठरवले की ते सदस्यांत वाटले जात नाही, प्रत्येकाला पूर्ण मिळते. फळ अखंड असेल तर कर्तव्यही अखंडच असले पाहिजे, आणि वीस सदस्यांच्या गटात न मारलेल्या ग्रीसचा विसावा हिस्सा कोणाच्याही वाट्याला येत नाही. प्रत्येकाच्या वाट्याला तो सगळा येतो. सत्राचा संकल्प करून मध्येच उठणाऱ्यासाठी शास्त्राने विश्वजित याग सांगितला आहे, ज्यात सर्वस्व दक्षिणा म्हणून द्यावे लागते. गटांच्या नियमावलीत भाडे, हप्ते आणि पाळ्या यांची कलमे असतात. यंत्र परत आणताना निपल पुसून ग्रीस मारलेले असावे आणि घड्याळातले तास वहीत लिहिलेले असावेत, असे कलम तिथे घालायला पैसा लागत नाही, आणि ते वाचायला पुढच्या पाळीचा सदस्य पुरतो.